पाण्याने लिहायचं चिनी कापड: घ्या, पण ब्रश वेगळा आणा

सिंगापूरच्या शाळेत लेकीने हिंदीऐवजी चिनी घेतली आणि घरात वह्यांचा खच पडला. मग ब्रास बसा कॉम्प्लेक्समधल्या एका दुकानातून हे कापड आणलं. ओला ब्रश फिरवला की शाईसारखं काळं उमटतं, वाळलं की पुन्हा कोरं. सोफा सुखरूप!

खरा फायदा रेघांच्या क्रमाचा; चिनी अक्षरातल्या रेघा ठरलेल्या क्रमानेच काढायच्या असतात. 'आग' या अर्थाच्या अक्षरात आधी दोन्ही बाजूंचे ठिपके, मग मधल्या दोन लांब रेघा. 'देश'च्या चौकटीची तळरेघ मात्र आतलं सगळं लिहून झाल्यावर, अगदी शेवटी. वहीत हे चुकलं की खोडरबर आणि रडारड; इथे पोरगी बिनधास्त गिरवते. छापील चौकटींमुळे अक्षर एका बाजूला कलतही नाही.

सोबतचा ब्रश टाकाऊ. लगेच केस गळायला लागले, त्यापायी रेटिंगमधला एक तारा कापला. पाणी जास्त झालं की अक्षर फुगतं, आणि इथल्या दमट हवेत वाळता वाळत नाही, पंखा लावा. शाळेत पेन्सिलच धरायची असते, त्यामुळे चौकटीची वही काही सुटत नाही. वाचनाला उपयोग शून्य. त्यासाठी लायब्ररीतून पिनयिनवाली (म्हणजे चिनी उच्चार रोमन लिपीत दिलेली) चित्रपुस्तकं आणतो.