गुडघ्याला चुंबकाचा पट्टा, साधा नी-कॅप की जेल?

गुडघे कुरकुरायला लागले की कुणीतरी चुंबकाचा विषय काढतंच. पट्टा, कडं, बुटातलं इनसोल, आणि नात्यात एजंट असेल तर थेट हजारोंची गादी. माझं मत आधीच सांगते: चुंबकासाठी जादा पैसे मोजू नका. पण पट्ट्याने बरं वाटतं म्हणणारे खोटं बोलत नाहीत, म्हणून तुलना नीट करायला हवी.

विक्रेता म्हणतो, रक्तात लोह असतं, चुंबक ते ओढतो, रक्ताभिसरण वाढतं. पण हिमोग्लोबिनमधलं लोह खिळ्यासारखं वागत नाही. एमआरआयचं चुंबक बहुधा १.५ टेस्ला, म्हणजे १५,००० गॉसचं असतं (टेस्ला आणि गॉस ही चुंबकाचा जोर मोजायची मापं). रक्त असं ओढलं जात असतं तर त्या नळकांड्यात पेशंटचं काय झालं असतं! शिवाय पट्ट्यावर छापलेले गॉस चुंबकाच्या अगदी जवळचे. थोड्याच अंतरावर जोर झपाट्याने उतरतो.

आता पुरावा. १९९७ साली ह्यूस्टनमध्ये पोलिओनंतरच्या दुखण्याच्या ५० रुग्णांवर प्रयोग झाला आणि खऱ्या चुंबकाने बराच फरक दिसला. जाहिरातींना तेवढंच पुरतं. २००७ मध्ये अशा चाचण्यांचा एकत्रित आढावा निघाला, त्यात वेदना कमी होण्याला आधार सापडला नाही. फक्त झिजेच्या संधिवातात थोडी शंका शिल्लक ठेवली. २०१३ च्या ब्रिटिश चाचणीत आमवाताच्या ७० रुग्णांनी चुंबकाचे आणि नुसते दिखाऊ मनगटी पट्टे आळीपाळीने, प्रत्येकी पाच आठवडे वापरले. ना दुखणं हललं, ना सूज. अशा चाचण्यांची एक गंमत असते: लोखंडी किल्ली जवळ नेली की खरा पट्टा कुठला ते रुग्णाला कळतं, आणि मग नुसत्या अपेक्षेनेही बरं वाटू शकतं.

मग बरं का वाटतं? ऊब आणि आधार. तो मेडिकलमधल्या साध्या नी-कॅपनेही मिळतो.

डायक्लोफेनॅक जेलचं, म्हणजे वरून चोळायच्या वेदनाशामक औषधाचं, पारडं इथे स्पष्ट जड आहे. गुडघा आणि हाताच्या बोटांसाठी उपयोगी, गोळीपेक्षा पोटावर भार कमी. खुब्याचा सांधा खोल असतो, तिथे फार भरवसा नको. किडनीचा त्रास किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

फिजिओकडचं चुंबकीय मशीन ही निराळी गोष्ट. त्यातलं क्षेत्र सतत बदलतं, त्यामुळे ऊतींत सूक्ष्म विद्युतप्रवाह तयार होतो. न जुळणाऱ्या हाडांसाठी अमेरिकेत १९७९ पासून त्याला मान्यता आहे. गुडघ्याबाबत निकाल मिश्र, म्हणून नुसत्या सिटिंगचं पॅकेज घेऊ नका. त्याच पैशात व्यायाम नीट शिकून घ्या: गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी, ती खाली दाबायची, पाच आकडे मोजायचे, सोडायचं. मांडीचा स्नायू मजबूत झाला की गुडघ्यावरचा ताण उतरतो.

पट्टा घरात आधीच असेल तर घाला, बिघडत नाही. मात्र पेसमेकर किंवा इन्सुलिन पंप असणाऱ्यांनी चुंबक लांब ठेवायचं. आणि एखादा सांधा अचानक लाल, गरम होऊन सुजला, सोबत ताप असेल, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.