प्रोग, पंक की मेटल? रॉकमध्ये नव्याने शिरणाऱ्यासाठी

"रॉक ऐकायला सुरुवात करायची आहे, काय ऐकू?" असं कोणी विचारलं की वीसेक वर्षं ऐकत आलेली माणसं हमखास एक चूक करतात. आपण जिथे येऊन पोचलोय, तिथलंच समोरच्याच्या हातात ठेवतात. मीही ठेवलं आहे. एका मैत्रिणीला पहिल्याच दिवशी किंग क्रिमसन हा प्रोग, म्हणजे प्रोग्रेसिव्ह रॉकचा बँड ऐकवला. ती शेवटपर्यंत शांत बसली आणि म्हणाली, "छान आहे. संपलं का?" पुढे तिला रामोन्स हा पंक बँड सापडला, तिचा तिलाच, आणि आज पंकमधलं तिला जेवढं पाठ आहे तेवढं मला माझं प्रोगही पाठ नसेल. तिला प्रोग आजही झेपत नाही आणि मला पंक अर्ध्या तासाच्या वर सोसत नाही. म्हणजे हा आढावा निःपक्षपाती नाही, हे आधीच सांगून टाकतो.

रॉकच्या फांद्या मोजायला बसलात तर मोजतच राहाल. निवड करायची असेल तर तीन पुरतात: प्रोग, पंक, आणि हेवी मेटल. प्रोगवाल्या किंग क्रिमसनचा पहिला अल्बम १९६९च्या ऑक्टोबरचा, मेटलवाल्या ब्लॅक सबाथचा १९७०च्या फेब्रुवारीतला, पंकवाल्या रामोन्सचा १९७६च्या एप्रिलमधला. सात वर्षांच्या आत ही तिन्ही टोकं तयार झाली. पुढचं बरंचसं यांच्याच मधल्या जागेत कुठेतरी बसतं.

सगळ्यात आधी विचारायचा प्रश्न सोपा आहे: तुमचा धीर किती? येस या प्रोग बँडच्या १९७२च्या 'क्लोज टू द एज'मध्ये गाणी तीनच आहेत आणि पहिलंच १८ मिनिटांच्या वर जातं; एलपी तबकडीची अख्खी एक बाजू त्यातच संपते. रामोन्सच्या पहिल्या अल्बममध्ये १४ गाणी आहेत आणि ती सगळी अर्ध्या तासाच्या आत आटोपतात. येसचं ते एक गाणं संपेपर्यंत रामोन्सची आठ-नऊ वाजून झालेली असतात. मेटल यात मधे पडतं. मेटॅलिकाच्या १९८६च्या 'मास्टर ऑफ पपेट्स'मध्ये आठ गाणी आहेत आणि बरीचशी पाच ते आठ मिनिटांची. ज्याला तीन मिनिटांतच चुळबुळ सुरू होते त्याने प्रोगच्या वाटेला जाऊ नये. त्यात कमीपणा काहीच नाही.

दुसरी गोष्ट ताल. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण माझा जीव इथे अडकला आहे. पिंक फ्लॉइडच्या १९७३च्या 'द डार्क साइड ऑफ द मून'मधलं 'मनी' लावा आणि टेबलावर बोटाने मोजा. चारावर सम येईल असं वाटतं, पण येत नाही. ती सातानंतर येते. सात मात्रांच्या रूपक तालाची सवय असलेल्या कानाला यात नवल वाटणार नाही, पण रॉकमध्ये चाराची सवय इतकी मुरलेली असते की प्रत्येक आवर्तनात एक पाऊल हुकल्यासारखं होतं. सॅक्सोफोनही सातातच वाजतो. मग गिटारचा सोलो येतो आणि गाणं अलगद चारात उतरतं. इतका वेळ खडीवरून चालत होतो आणि आता सपाट रस्ता लागला, असं काहीसं. सोलो संपला की पुन्हा सात. हे मोजताना तुम्हाला मजा आली असेल तर पुढचं न वाचता प्रोगकडे गेलात तरी चालेल. "हे मोजायचं कशाला?" असं वाटलं असेल, तर तोही कौल स्पष्टच आहे.

पंकमध्ये मोजण्यासारखं काही नसतं. सरळ चार, आणि वेगात. यावरून "पंकवाल्यांना वाजवता येत नाही" असं म्हणायची आमच्या प्रोगवाल्यांत फार जुनी खोड आहे. तसं म्हणणाऱ्याच्या हातात गिटार द्यावी आणि रामोन्सचा गिटारिस्ट जॉनी रामोनसारखं वाजवून दाखव म्हणावं. त्याचा हात जवळजवळ प्रत्येक वेळी वरून खालीच यायचा. खालून वर येताना तार छेडायची नाही, आणि हे गाणंभर त्याच वेगात. दोन मिनिटांत मनगट भरून येतं. त्या आवाजात करवतीसारखा जो एकसलग करकरीतपणा आहे, तो असा मिळवलेला आहे. मैत्रिणीने मला हे ऐकवून नव्हे, वाजवायला लावून पटवलं.

मेटलचा जडपणा कुठून आला, याची गोष्ट बहुतेकांना उशिरा कळते. ब्लॅक सबाथचा गिटारिस्ट टोनी आयोमी बर्मिंगहॅमच्या एका पत्रा-कारखान्यात कामाला होता. सतराव्या वर्षी यंत्रात त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात नेमका तोच. त्याने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, त्यांवर चामडं चिकटवलं आणि पुढे ताराही ढिल्या केल्या; त्यामुळे स्वर खाली उतरून जड झाला. १९७१च्या तिसऱ्या अल्बममध्ये काही गाण्यांत गिटार तब्बल दीड स्वर खाली उतरलेली आहे. आज असंख्य मेटल बँड तारा खाली उतरवून वाजवतात.

गंमत म्हणजे पंक आणि मेटल दोन्हींचा पाया एकच, पॉवर कॉर्ड. आपल्या भाषेत षड्ज आणि पंचम; गंधार गाळलेला. गंधार नसल्यामुळे तो ना मेजर ना मायनर, आणि डिस्टॉर्शन, म्हणजे मुद्दाम फाटका केलेला आवाज, कितीही चढवलं तरी आवाज चिखल होत नाही. फरक पडतो तो उजव्या हातात. मेटलवाला तळहाताची कड तारांवर टेकवून आवाज दाबतो, मग एकदम सोडतो. त्या दाबण्या-सोडण्यातच सगळा दणका असतो. पंकवाला बहुतेक वेळा सोडूनच वाजवतो.

गायकीबद्दल एकच सूचना. "मेटल म्हणजे नुसतं गुरगुरणं" या समजुतीने पुष्कळ लोक दारातूनच परत फिरतात. गुरगुरणं काही उपशाखांत आहे, सगळीकडे नाही. आयर्न मेडनचा ब्रूस डिकिन्सन ऐका. आवाज वर चढतो, स्वच्छ लागतो आणि शब्द न् शब्द कळतो. शब्दच महत्त्वाचे वाटत असतील तर मात्र पंकला तोड नाही. द क्लॅशचा १९७९चा 'लंडन कॉलिंग' घ्या. त्यात रेगे, स्का, रॉकाबिली अशा इतर शैलीही आहेत, आणि पंक म्हणजे एकाच गाण्याच्या चौदा प्रती हा माझा जुना टोमणा तिथे साफ तोंडावर पडतो. प्रोगचे शब्द? प्रामाणिकपणे सांगायचं तर बऱ्याचदा न ऐकलेलेच बरे.

ऐकण्याची पद्धतही तिघांची वेगळी. प्रोगचा अल्बम शफलवर टाकलात तर खेळ संपला. 'डार्क साइड'मध्ये बरीचशी गाणी एकमेकांत मिसळलेली आहेत, मधेच तोडली की धागा तुटतो. पंक चालता-चालता, काम करता-करता, कुठूनही चालतं. मेटलला बरे हेडफोन लागतात, नाहीतर बेस आणि गिटार यांचा एकच गोळा होतो.

तरीही ठरत नसेल तर एक आडवाट आहे, आणि मी आता नव्या माणसाला तीच सुचवतो: १९९०च्या दशकातलं अमेरिकेतल्या सिॲटलच्या परिसरातलं ग्रंज नावाचं रॉक. तिन्ही फांद्या तिथे पुन्हा एकत्र येतात, पण प्रत्येक बँडमध्ये प्रमाण वेगळं. निर्वाणाचा 'नेव्हरमाइंड' (१९९१) पंककडे झुकलेला. कडवं दबक्या आवाजात आणि धृपद फुटून. ॲलिस इन चेन्सचा 'डर्ट' (१९९२) मेटलकडे. सबाथची सावली जागोजागी. साउंडगार्डनचा 'सुपरअननोन' (१९९४) ऐकायला जड, पण आतून ताल सतत हुलकावणी देतो, सातातही जातो. तिन्ही ऐका आणि दुसऱ्यांदा कोणता लावावासा वाटतो ते बघा. तिथून मागे जाणं सोपं आहे.

मैत्रिणीने आणि मी एकत्र बसून अथपासून इतिपर्यंत ऐकलेला एकमेव अल्बम म्हणजे 'सुपरअननोन'. तो साधारण ७० मिनिटांचा आहे. तिच्या मते २० मिनिटं सहज कापता आली असती.