शहरी कंपोस्टची ५० किलोची गोणी: दिसायला छान, पण अहवाल कुठंय?

नागपूरच्या कृषी केंद्रात मिळणारं, शहरातल्या कचऱ्यापासून बनलेलं हे कंपोस्ट भुसभुशीत, बिनवासाचं आहे. पण मूठभर खत पाण्यात ढवळा: वर प्लॅस्टिक तरंगतं, तळाशी काच चमकते. म्हणजे कचरा नीट वेगळा केलेला नाही, आणि बॅटरी-रंगांतले शिसं, कॅडमियम हे विषारी धातू याच वाटेने येतात. गोणीवर नत्र-स्फुरद-पालाश छापलंय, धातूंचं अवाक्षर नाही. खत नियंत्रण आदेशाची मर्यादा किलोमागे शिसं १०० मिलिग्रॅम, कॅडमियम ५. एवढं कॅडमियम असलेलं खत एकरी २ टन टाकलं, की १० ग्रॅम कॅडमियम जमिनीत गेलं. ते कुजत नाही, दरवर्षी साचतं. आपली चुनखडीची काळी माती ते बरंचसं धरून ठेवते, म्हणून संत्र्यावर लगेच काही दिसत नाही. पालक-मेथी मात्र ते पानांत ओढून घेतात, त्यांना हे खत नकोच. त्याच लॉटचा तपासणी अहवाल मागा. नसेल तर गोणी घेऊ नका.