परळचं डायबेटिक फूट क्लिनिक – काकांच्या पायाचा अनुभव

क्लिनिकचं नाव इथे टाकत नाही, काकांनी नको म्हटलंय, पण परळ-लालबागमध्ये शुगरवाल्यांना विचारलंत तर कोणीही सांगेल. पाच पैकी साडेचार स्टार, अर्धा जिन्यासाठी कापलाय, ते पुढे सांगते.

काका लालबागचे, शुगर जुनी, आणि मंगळवारी सिद्धिविनायकाला अनवाणी जायचा नेम. अंगठ्याखाली तळव्याला कुरूप झालं त्यावर कोणाच्या तरी सांगण्यावरून मेडिकलमधून कॉर्न कॅप आणून लावली, त्यात अ‍ॅसिड असतं, शुगरवाल्यांनी ती लावायचीच नसते, पण पायाची संवेदना गेलेली त्यामुळे खाली जखम झाली तरी दुखलंच नाही. काकूंना मोज्यावर पू दिसला तेव्हा कळलं. आधी दुसरीकडे दाखवलं तिथे आठवड्याला गोळी बदलायची, प्रत्येक वेळी आधीपेक्षा स्ट्राँग, वरवर कापूस फिरवून एक स्वॅब पाठवला आणि रिपोर्ट यायच्या आधीच नवीन स्ट्रिप हातात. पायाची सूज जराही कमी नाही.

इथे पहिल्याच दिवशी फरक जाणवला. डॉक्टर मॅडमनी आधीच्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं टेबलावर मांडून घेतली, नायलॉनचा बारीक तंतू तळव्याला ठिकठिकाणी टेकवून "काका, कळलं का?" विचारलं (काका डोळे मिटून "कुठे?" म्हणत होते, मला तर रडूच आलं), मग घोट्याजवळची नाडी आणि हात-पायाचं प्रेशर बघितलं कारण पायात रक्तच पोचत नसेल तर औषध तरी जखमेपर्यंत कसं पोचणार. मग मेलेली कातडी कापून जखम स्वच्छ धुतली आणि त्यानंतर आतल्या मांसाचा छोटा तुकडा कल्चरला, म्हणजे कोणता जंतू आहे ते बघायला, पाठवला. उघड्या जखमेवर वरवर जंतू असतातच, स्वॅबमध्ये तेच येतात आणि खरा आतला सुटतो, असं त्यांनी नीट समजावलं. स्टीलची बोथट सळई घालून हाडाला लागतंय का तेही तपासलं, नाही लागलं. एक्स-रे क्लीन आला तरी काही आठवड्यांनी परत काढायला लावला कारण हाडातलं इन्फेक्शन सुरुवातीला एक्स-रेत दिसत नाही.

रिपोर्ट आला क्लेब्सिएला नावाचा जंतू, तोही ईएसबीएलवाला, म्हणजे बऱ्याच नेहमीच्या अँटिबायोटिकना दाद न देणारा. मॅडमनी कागद आमच्यासमोर ठेवून एकेका ओळीवर पेन फिरवला. आधी गिळलेल्या सगळ्या गोळ्यांपुढे आर, म्हणजे रेझिस्टंट, खाली मोजकीच एस, म्हणजे लागू पडणारी. अ‍ॅमिकासिन एस होतं पण काकांचं क्रिएटिनिन (रक्तातली किडनीची तपासणी) वाढलेलं म्हणून किडनीसाठी ते टाळलं आणि अर्टापेनेमचं इंजेक्शन दिलं, दिवसातून एकदाच असल्यामुळे अ‍ॅडमिट न होता रोज येऊन घेता आलं. स्युडोमोनास नावाचा जंतू निघाला असता तर हे चाललं नसतं, त्याच्यावर ते लागूच पडत नाही, म्हणून तर रिपोर्टशिवाय अंदाजाने औषध मारत बसायचं नसतं. आपल्याकडे पायाच्या जखमेत असे ग्राम निगेटिव्ह जंतू जास्त सापडतात, बाहेरच्या देशांत स्टॅफ नावाचे जंतू जास्त, त्यामुळे तिकडचं वाचून इकडे गोळी घेऊ नका.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे सूज आणि लाली गेल्यावर अँटिबायोटिक सरळ बंद केलं. जखम अजून उघडी होती म्हणून काकू घाबरल्या, "डॉक्टर, भरेपर्यंत चालू ठेवूया ना?" तर म्हणाल्या, "काकू, गोळी जंतू मारते, जखम भरत नाही. जखम भरायला पायावरचा भार काढायचा." मग पायाला प्लॅस्टरसारखं कास्ट घातलं, तळव्याचा भार सगळीकडे वाटला जातो, आणि ते काढता येत नसल्यामुळे काकांची मंगळवारची वारी आपोआप बंद झाली, ते फार चिडले, पण जखम भरली ती त्यामुळेच. आता एमसीआरची (मऊ रबराची) चप्पल घरातसुद्धा घालतात, दिसायला अगदी सरकारी आहे आणि मागचा पट्टा लवकर सैल होतो, बाकी तक्रार नाही.

अजून एक, फॉर्मवर चालू असलेली सगळी औषधं लिहून घेतात आणि एआरटी (एचआयव्हीची औषधं) चालू आहे का हे सगळ्यांनाच विचारतात, तेही आत घेऊन, दार लावून. कारण पण सांगितलं, एचआयव्हीच्या सरकारी टीएलडी गोळीतल्या डोल्युटेग्राविरमुळे रक्तात मेटफॉर्मिन हे शुगरचं औषध वाढतं म्हणून मेटफॉर्मिन सहसा दिवसाला 1000 मिग्रॅच्या आत ठेवतात, आणि किडनी कमजोर असेल तर अजून जपावं लागतं. वेटिंगमध्ये सगळ्यांसमोर मोठ्याने आजार विचारणारी ठिकाणं बघितलीत म्हणून हे मुद्दाम लिहितेय.

आता तक्रारी. क्लिनिक पहिल्या मजल्यावर आणि लिफ्ट नाही!! पायाच्या पेशंटला जिना, कास्ट घालून काका बसून बसून उतरायचे, बघवत नव्हतं, मॅडमना बोललेय, तळमजल्यावर ड्रेसिंगपुरती तरी खोली घ्या म्हणून. अपॉइंटमेंट असूनही बराच वेळ बसावं लागतं कारण एकेकाला वेळ देतात, त्याचं मला काही नाही, पण शुगरवाल्या माणसाचा जेवणाचा टाइम चुकतो तेव्हा डबा सोबत ठेवा. ड्रेसिंगवाल्या सिस्टर सकाळी असतात, संध्याकाळी नवीन मुलगा असतो, त्याचा हात जरा जड आहे, शक्यतो सकाळचं घ्या. जाताना जुने रिपोर्ट, गोळ्यांची रिकामी पाकिटं आणि रोज वापरता ती चप्पल न्या, चप्पल आतून हात घालून बघतात, काकांच्या जुन्या सॅंडलमधून खिळ्याचं टोक तिथेच सापडलं.