जँगो: स्वयंसेवकांच्या प्रकल्पाला पेलणारं फ्रेमवर्क

ओपन सोर्स प्रकल्पासाठी वेब फ्रेमवर्क (वेब सॉफ्टवेअरचा तयार सांगाडा) निवडताना बहुतेकांची चर्चा वेगाच्या आलेखांपासून सुरू होते. समजा, एखाद्या सार्वजनिक ग्रंथालयाची पुस्तकसूची सांभाळणारं सॉफ्टवेअर लिहायचं आहे. पुस्तकं दहा-बारा हजार, दिवसाला वाचक काही शे. सेकंदाला किती विनंत्या पेलतात यावर इथे काहीच अडत नाही. नवा स्वयंसेवक शनिवारी दुपारी कोड उतरवून घेतो, त्याला संध्याकाळपर्यंत पहिली दुरुस्ती पाठवता येते का, यावर अडतं. मूळ लिहिणारे तीन वर्षांनी नोकरी-संसारात गुंतले की पुढची आवृत्ती चढवणं उरलेल्यांना झेपतं का, यावर अडतं. या दोन कसोट्यांवर आज पायथन भाषेतल्या जँगोइतकं भरवशाचं दुसरं फ्रेमवर्क दिसत नाही. त्याच्या खोडी मात्र पहिल्या दिवसापासून माहीत असायला हव्यात.

जँगोचा जन्म अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात ‘लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड’ या वृत्तपत्राच्या वेब विभागात झाला. ॲड्रियन होलोव्हाटी आणि सायमन विलिसन यांनी २००३ मध्ये ते लिहायला घेतलं आणि जुलै २००५ मध्ये ते सर्वांसाठी खुलं झालं. २००८ पासून जँगो सॉफ्टवेअर फाउंडेशन ही ना-नफा संस्था त्याची देखभाल पाहते. परवाना तीन कलमी बीएसडी आहे, त्यामुळे आपला प्रकल्प एमआयटी, जीपीएल किंवा एजीपीएल, कोणत्याही परवान्याखाली काढता येतो. परवान्याची बाब क्षुल्लक वाटत असेल तर रिॲक्टचं २०१७ साल आठवा. फेसबुकने जोडलेल्या पेटंटच्या कलमामुळे अपाची फाउंडेशनने आपल्या प्रकल्पांत रिॲक्टला मनाई केली, वर्डप्रेसनेही ते सोडायचं जाहीर केलं, आणि त्यानंतर फेसबुकने परवाना बदलून एमआयटी केला. तोवर कित्येक प्रकल्पांचे महिने वादात गेले. फ्रेमवर्क एका कंपनीच्या मर्जीवर आहे की संस्थेच्या हाती, हे म्हणूनच आधी पाहावं.

बसवणं सोपं आहे. पायथनचं स्वतंत्र व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट करायचं, पिप या पॅकेज उतरवणाऱ्या साधनाने जँगो घ्यायचं, मायग्रेट चालवून डेटाबेसमधले तक्ते बनवायचे, सुपरयूजर (सर्वाधिकारी खातं) तयार करायचा, रनसर्व्हर हा चाचणीपुरता सर्व्हर सुरू करायचा. सुरुवातीला डेटाबेस म्हणून एसक्यूलाइट असतो, म्हणजे वेगळा सर्व्हर बसवायला नको. जँगोसोबत एएसजीआयरेफ आणि एसक्यूएलपार्स एवढी दोनच पॅकेजं येतात, विंडोजवर तिसरं टीझेडडेटा. जावास्क्रिप्टच्या फ्रेमवर्कमध्ये हाच आकडा सहज शेकड्यांत जातो, आणि त्यातलं प्रत्येक पॅकेज कुणीतरी तपासत राहावं लागतं. दोन-तीन माणसांच्या चमूला ते जमत नाही.

खरी कमाई ॲडमिनची, म्हणजे नोंदी सांभाळायच्या तयार पडद्याची. पुस्तक, लेखक, सभासद ही मॉडेल्स (डेटाबेसच्या तक्त्यांचं वर्णन करणारे वर्ग) लिहून नोंदवली की भरणा करायला, शोधायला, गाळायला पडदा तयार मिळतो. ग्रंथपाल पहिल्याच आठवड्यात काम सुरू करू शकतात आणि त्यांच्या तक्रारींवरून बाकीचं घडवता येतं. हा पडदा आतल्या विश्वासू माणसांसाठी आहे, वाचकांसमोर मात्र तो ठेवू नये.

मॉडेल लिहायच्या आधी एक गोष्ट न चुकता करायची: स्वतःचं यूजर मॉडेल. जँगोच्या ॲबस्ट्रॅक्टयूजर या तयार वर्गावरून एक रिकामा वर्ग घ्यायचा, सेटिंग्जमध्ये त्याचं नाव द्यायचं आणि मगच पहिलं मायग्रेशन (डेटाबेसच्या रचनेतला बदल नोंदवणारी फाइल) चालवायचं. हे राहून गेलं आणि वर्षभराने सभासदांना यूजरनेमऐवजी मोबाइल नंबरने लॉगिन हवं झालं, तर यूजरकडे निर्देश करणारी प्रत्येक फॉरेन की हाताने हलवावी लागते. तुमचं सॉफ्टवेअर तोवर चार ठिकाणी बसलेलं असेल, तर ती शस्त्रक्रिया चारही ठिकाणी.

मायग्रेशन्स हा जँगोचा सर्वांत भक्कम भाग, पण अनेक हातांनी चालणाऱ्या प्रकल्पात गुंता इथेच होतो. दोघांनी कोडच्या आपापल्या शाखेत सातव्या क्रमांकाचं मायग्रेशन बनवलं की दोन्ही शाखा जोडल्यावर जँगो अडून बसतं, कारण साखळीला दोन टोकं झालेली असतात. मायग्रेशन बनवणाऱ्या मेकमायग्रेशन्स या आदेशाला मर्ज हा पर्याय दिला की तिसरी फाइल दोन्ही टोकं जोडते. दोघांनी एकच फील्ड बदललं असेल, तर मात्र ते जोडकाम डोळ्यांखालून घालायलाच हवं. सीआयमध्ये (प्रत्येक बदलावर आपोआप चालणाऱ्या तपासण्यांत) मेकमायग्रेशन्स चेक पर्यायासह चालवा, म्हणजे मॉडेल बदललं पण मायग्रेशन जोडायचं राहिलं, असा पुल रिक्वेस्ट (बदल सामावून घेण्याची विनंती) आपोआप अडतो. एकदा प्रकाशित झालेली मायग्रेशन फाइल बदलू नका. ज्यांनी ती आधीच चालवली आहे, त्यांच्याकडे बदल कधीच पोचणार नाही. डेटा हलवणाऱ्या मायग्रेशनमध्ये मॉडेल थेट इम्पोर्ट करण्याऐवजी ॲप्सच्या गेट-मॉडेलने त्या वेळच्या रूपात मागवा, नाहीतर पुढे मॉडेलमध्ये कॉलम वाढला की नव्याने बसवणाऱ्याचं मायग्रेशन मध्येच कोसळतं.

डेटाबेसचा निर्णय याच्याशीच बांधलेला आहे. पोस्टग्रेस या डेटाबेसवर मायग्रेशन फसलं तर तक्त्यांतले बदल सहसा पूर्ण मागे फिरतात. मायएसक्यूएल आणि मारियाडीबीवर तक्त्याचे बदल ट्रान्झॅक्शनमध्ये (सगळं किंवा काहीच नाही अशा गठ्ठ्यात) धरले जात नाहीत, म्हणून अर्धं झालेलं अर्धंच राहतं आणि हाताने निस्तरावं लागतं. दूरच्या गावात कुणीतरी एकट्याने सर्व्हर सांभाळणार असेल, तर कागदपत्रांत एकच डेटाबेस सुचवा आणि तो पोस्टग्रेस असू द्या.

पान संथ झालं की दोष बहुतेकदा ओआरएम, म्हणजे पायथनमधून डेटाबेसशी बोलणारा थर, वापरण्याच्या पद्धतीत सापडतो. पन्नास पुस्तकांची यादी दाखवताना टेम्पलेटमध्ये (पानाच्या साच्यात) प्रत्येकाच्या लेखकाचं नाव घेतलं, की एकाच्या जागी एक्कावन्न क्वेरी (डेटाबेसकडे विचारणा) जातात. यादी मागवणाऱ्या क्वेरीसेटला सिलेक्ट-रिलेटेड जोडलं की एकच उरते. विषयांसारख्या अनेकास-अनेक नात्यासाठी प्रीफेच-रिलेटेड लावलं की आणखी फक्त एक वाढते. क्वेरी मोजणारं असर्ट-नम-क्वेरीज वापरून याची टेस्ट लिहून ठेवा, म्हणजे नव्या माणसाच्या बदलाने हा आकडा फुगला तर लगेच कळतं.

स्वतःच्या सर्व्हरवर बसवणाऱ्यांच्या अडचणी ठरलेल्या असतात. डीबग (चुकांचा तपशील दाखवणारी सेटिंग) बंद केल्यावर पानाची सजावट नाहीशी होते, कारण रनसर्व्हर तेव्हा स्टॅटिक फाइल्स (सजावटीच्या आणि चित्रांच्या फाइल्स) देत नाही. कलेक्टस्टॅटिक चालवून त्या एनजिनएक्स या वेब सर्व्हरकडे किंवा व्हाइटनॉइझ या पायथन पॅकेजकडे सोपवाव्या लागतात. अलाउड-होस्ट्स या सेटिंगमध्ये डोमेन नसेल तर प्रत्येक विनंतीला ४०० हा चूक-क्रमांक मिळतो. प्रॉक्सीमागे एचटीटीपीएस असेल आणि फॉर्म पाठवल्यावर ४०३ येत असेल, तर सीएसआरएफच्या (परक्या साइटवरून आलेले खोटे फॉर्म अडवणाऱ्या संरक्षणाच्या) विश्वासू पत्त्यांत डोमेन भरायचं राहिलेलं असतं, जँगो ४.० पासून तिथे एचटीटीपीएससकट पूर्ण पत्ता लागतो. सीक्रेट की (जँगो सह्यांसाठी वापरतं ती गुप्त किल्ली) सार्वजनिक रेपॉझिटरीत गेली तर सेशन आणि पासवर्ड बदलण्याच्या लिंकची सुरक्षा जाते. ती पहिल्यापासून एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून (कोडबाहेर सर्व्हरवर ठेवलेल्या मूल्यातून) घ्या, आणि प्रत्येक प्रकाशनाआधी चेक हा आदेश डिप्लॉय पर्यायासह चालवा.

मराठीचं काय? भाषांतराची व्यवस्था गेटटेक्स्ट या भाषांतर-साधनावर चालते. मेकमेसेजेसला एमआर ही भाषा दिली की मजकुराची फाइल बनते, ती भरून कंपाइलमेसेजेस चालवायचं. भाषांतर दिसत नसेल तर आधी त्या ओळीवर फझी अशी खूण आहे का ते पाहा, कारण अशा ओळी कंपाइल करताना वगळल्या जातात. मोठी अडचण स्लगची, म्हणजे शीर्षकावरून बनणाऱ्या वेबपत्त्याच्या तुकड्याची. तो बनवणारं स्लगिफाय मुळात देवनागरी काढूनच टाकतं, आणि युनिकोडला परवानगी दिली तरी काना-मात्रा-वेलांट्या गळतात: ‘मराठी’चं ‘मरठ’ होतं. पायथनच्या नियमांत या खुणा अक्षरांत मोजल्या जात नाहीत, म्हणून असं घडतं. स्लगफील्डची तपासणीही त्याच नियमावर चालत असल्याने मात्रांसकट स्लग ती नाकारते. वेबपत्त्यात पुस्तकाचा क्रमांक वापरा, नाहीतर स्वतःचं फंक्शन आणि स्वतःचा व्हॅलिडेटर (तपासणीचा नियम) लिहा.

पर्यायांबद्दल थोडंसं. पायथनचीच फ्लास्क आणि फास्टएपीआय ही दोन्ही फ्रेमवर्क्स उत्तम आहेत, पण त्यांत ओआरएम, लॉगिन, मायग्रेशन वेगवेगळ्या ठिकाणाहून आणावं लागतं, आणि प्रत्येक भागाचे देखभाल करणारे वेगळे. फक्त एपीआय (दुसऱ्या प्रोग्रामना डेटा देणारी सोय) द्यायची असेल तर फास्टएपीआय घ्या. मुंबईत घडलेलं, एमआयटी परवान्याचं फ्रॅपे फ्रेमवर्क हा सशक्त पर्याय आहे. ईआरपीनेक्स्ट हे व्यवसाय सांभाळायचं सॉफ्टवेअर त्यावरच उभं आहे, आणि पावत्या, नोंदी, परवानग्या असं कार्यालयीन काम असेल तर डॉकटाइपमुळे (नोंदीच्या तयार साच्यामुळे) कोड फारच थोडा लिहावा लागतो. मात्र बेंच हे बसवणीचं साधन, रेडिस, नोड आणि डेटाबेस सर्व्हर एवढं उभारल्याशिवाय नव्या स्वयंसेवकाला पहिलं पान दिसत नाही. सतत उघड्या जोडणीवर चालणारी गप्पांची सेवा करायची असेल, तर एकट्या जँगोवर भागत नाही. असिंक व्ह्यू (एकाची वाट पाहताना दुसरी विनंती हाताळणारा कोड) जँगो ३.१ पासून आहेत, पण ओआरएमचे ट्रान्झॅक्शन अजून सिंकच चालतात. झुलिप या गप्पांच्या सॉफ्टवेअरनेही जँगोच्या जोडीला टॉर्नेडो हे असिंक फ्रेमवर्क ठेवलं आहे.

आवृत्ती कोणती? साधारण दर आठ महिन्यांनी नवी येते, आणि दोन वर्षांनी एक दीर्घ आधाराची, तीन वर्षं सुरक्षा-दुरुस्त्या मिळणारी. स्वयंसेवकांच्या प्रकल्पाने दीर्घ आधाराचीच धरावी: सध्या ५.२, एप्रिल २०२५ ची, एप्रिल २०२८ पर्यंत आधार असलेली, पायथन ३.१० किंवा पुढचा मागणारी. ४.२ वर असाल तर आधी टेस्ट चालवताना डेप्रिकेशनचे इशारे चूक म्हणून धरा, ते निस्तरा, मग ५.० आणि ५.१ च्या प्रकाशन-टिपा वाचून ५.२ वर जा. काढून टाकायच्या सोयींची सूचना जँगो किमान दोन आवृत्त्या आधी देतं, त्यामुळे चार-पाच संध्याकाळी वाटून घेतल्या तर मध्यम आकाराच्या प्रकल्पाचं हे काम उरकतं.