घरच्या गॅरेजमध्ये पहिली मसल कार: मस्टँग घ्यावी की शेव्हेल?

न्यू जर्सी, ओहायो किंवा मिशिगनमध्ये घर झालं, दोन गाड्यांचं गॅरेज हाताशी आलं, की जुनी, ताकदवान आठ सिलिंडरची अमेरिकन गाडी (व्ही-8) स्वतःच्या हातानं उभी करायची हौस डोकं वर काढते. पहिल्याच गाडीसाठी शोध सुरू केला की बहुतेकांची यादी दोन नावांवर येऊन थांबते: 1965 ते 1968 ची फोर्ड मस्टँग आणि 1968 ते 1972 ची शेव्हरोले शेव्हेल. (काटेकोर मंडळी मस्टँगला मसल कारच्या पंगतीत बसवत नाहीत, आकारानं लहान म्हणून पोनी कार म्हणतात. पत्रा कापताना त्यानं काही बिघडत नाही.) दोन्ही गाड्या लाखांनी बनल्या, दोन्हींचे जवळपास सगळे भाग आज नवे मिळतात आणि दोन्हींची इंजिनं साध्या पान्यांनी खुलतात. म्हणूनच इंजिन बघून निवड करू नका. या कामात इंजिन हा सगळ्यात सोपा, खर्चाचा अंदाज आधी बांधता येणारा भाग. गाडी कुठे गंजते आणि ती गंजलेली जागा गाडीचं वजन पेलते का, हे बघून ठरवा.

सांगाड्याचा फरक

मस्टँगला वेगळी चासी नाही. फ्लोअरचा पत्रा, त्याखालच्या रेल, दारांखालचे रॉकर आणि पुढच्या स्प्रिंगा व शॉक धरणारे उभे शॉक टॉवर हे सगळं स्पॉट वेल्डनं जोडून एकच सांगाडा होतो. म्हणजे पायाखालचा पत्रा सडला तर गाडीचा कणाच सडला असं समजायचं. शेव्हेलमध्ये खाली स्वतंत्र चासी आहे आणि बॉडी रबरी बुशांवर बोल्टनं बसवलेली आहे. तिथला फ्लोअर गंजून चाळण झाला तरी गाडी चासीवर सरळ उभी राहते.

यावरून शेव्हेल सोपी असा निष्कर्ष पटकन निघतो. तो अर्धाच खरा आहे. शेव्हेलची बॉडी उचलायची ठरवली की गॅरेजमध्ये एका गाडीच्या दोन गाड्या होतात: ट्रॉलीवर बॉडी आणि शेजारी चासी. शेव्हेल 16 फुटांहून थोडी लांब आहे, म्हणजे दोन्ही जागा वर्षभर अडकल्या आणि रोजची गाडी बर्फात बाहेर. 1965-66 ची मस्टँग जेमतेम 15 फूट लांब आणि साडेपाच फुटांहून किंचित जास्त रुंद. एका जागेत ती बसते आणि चारी बाजूंनी फिरायलाही वाट उरते. वजनातही सुमारे अडीचशे किलोंचा फरक आहे. दार, बोनेट किंवा पुढचं फेंडर एकट्यानं धरून बसवताना तो खांद्याला कळतो.

मस्टँग कुठे सडते

पहिली जागा काउल, म्हणजे विंडशील्डखालची हवा आत घेणारी पोकळी. तिथे वरखाली दोन पत्रे आहेत. खालच्या पत्र्यातल्या हवेच्या भोकाभोवती उभी कड आहे आणि पावसाचं पाणी त्या कडेबाहेरून वाहत दोन्ही बाजूंनी खाली उतरतं. पानं आणि माती साठून कड सडली की पाणी थेट पायाशी गळतं, कार्पेट भिजतं आणि फ्लोअर खालून नव्हे, वरून गंजतो. विकणारा नवा फ्लोअर दाखवतो, पण काउल तसंच सोडलेलं असतं. गाडी बघायला जाताना चार लिटर पाणी बरोबर न्या, वायपरजवळच्या जाळीतून हळूहळू ओता आणि डॅशबोर्डखाली टॉर्च मारा. एक थेंब दिसला तरी भाव त्याच हिशेबानं करा. काउल दुरुस्त करायचं म्हणजे बोनेट, दोन्ही फेंडर आणि विंडशील्ड काढायचं, शंभराच्या वर स्पॉट वेल्ड कटरनं सोडवायचे आणि वरचा पत्रा उचलायचा. वर फायबर आणि सिलिकोन थापून भागवलेलं काउल एखाद-दोन पावसाळे टिकतं.

त्यानंतर पुढच्या फ्लोअरखालच्या रेल, पुढच्या रेल आणि रॉकर यांना जोडणारे टॉर्क बॉक्स, बॅटरीखालचा एप्रन (फेंडरच्या आतला पत्रा) आणि डिकीचे दोन्ही बाजूंचे खोलगट कोपरे बघा. पेट्रोलच्या टाकीचा वरचा भाग हाच डिकीचा तळ आहे, त्यामुळे टाकीभोवतीचं सील गेलं की वाफ थेट गाडीत येते. शॉक टॉवरला, विशेषतः सस्पेन्शनच्या वरच्या आर्मच्या बोल्टांजवळ, चिरा शोधा. 1967 पासून 390 क्यूबिक इंचांचं जड इंजिन मिळू लागलं. त्या गाड्यांत हे आधी तपासा.

फ्लोअर कापण्याआधी दारांच्या मोकळ्या जागेत एक इंची चौकोनी पाइप आडवा-तिरका टाके मारून बसवा आणि एक पाइप डावीकडून उजवीकडे टाका. गाडी चारी चाकांच्या जागी आधार देऊन लेव्हलमध्ये ठेवा. मधल्या रेलखाली चार घोड्या (जॅक स्टँड) लावून रॉकर कापला की गाडी मधोमध वाकते आणि हे कळतं शेवटी, दार बसवताना. प्रत्येक मोठ्या वेल्डिंगच्या आधी आणि नंतर दार लावून फट मोजा. साधारण 3/16 इंच फट वरपासून खालपर्यंत सारखी हवी. एका वेळी एकच बाजू कापा. ती पक्की जोडल्याशिवाय दुसरीला हात लावू नका.

शेव्हेल कुठे सडते

शेव्हेलचं मूळ दुखणं मागच्या काचेखाली असतं. स्टीलच्या चकचकीत पट्टीच्या क्लिपा जिथे लागतात, तिथे पत्र्याला बारीक भोकं पडतात. पाणी डिकीत उतरतं, मग डिकीचा तळ जातो, त्याचे कोपरे जातात आणि शेवटी क्वार्टर पॅनेलचा (मागच्या चाकाभोवतीच्या पत्र्याचा) खालचा भाग आतून फुगतो. छताला व्हिनाइल असेल तर ते काढेपर्यंत खरी अवस्था दिसत नाही. अशा गाडीचं छत सडलेलंच आहे असं धरून भाव करावा. फ्रिजवरचा हलका लोहचुंबक क्वार्टर पॅनेलवर चाकाच्या कमानीपासून खाली सरकवत न्या. जिथे तो सुटेल तिथे पत्र्याऐवजी पुट्टी आहे.

चासी तपासायची ती मागच्या चाकांच्या पुढे, जिथे ती वर वळते. कूपेच्या (पक्क्या छताच्या दोन दारी गाडीच्या) बाजूच्या रेल उघड्या आकाराच्या आहेत. त्यात साठलेली माती आणि रस्त्यावरचं मीठ पत्रा खातं. हातोडीनं ठोका. खणखणीत आवाजाऐवजी बद्द आवाज आला, तर चासीचा तो तुकडा बदलावा लागेल. टेपनं दोन्ही कर्णही मोजा. पाव इंचाहून जास्त फरक म्हणजे गाडीला कधीतरी जोरदार धडक बसली आहे.

बॉडी उचलताना सगळ्यात जास्त वेळ खातात ते बॉडी माउंटचे बोल्ट. त्यांचे नट फ्लोअरच्या आडव्या पट्ट्यांत पत्र्याच्या पिंजऱ्यात बसवलेले असतात. गंजलेला बोल्ट फिरवला की पिंजरा तुटतो, नट बोल्टबरोबर गरगर फिरतो आणि आत पाना जात नाही. आठवडाभर आधीपासून रोज गंज सोडवणारं तेल मारा, बोल्ट तापवा आणि उलट-सुलट अर्धा-अर्धा फेरा देत सोडवा. तरीही फिरलाच तर वरून फ्लोअरला छोटी खिडकी कापून नट पकडावा लागतो. बुशांबरोबर येणाऱ्या शिम (पातळ चकत्या) कुठल्या जागी किती होत्या ते तिथल्या तिथे लिहून ठेवा. नाहीतर पुढे दारं आणि फेंडर जुळता जुळत नाहीत.

फ्लोअर आणि डिकीचे कोपरे एवढंच खराब असेल तर बॉडी उचलूच नका. पहिल्या गाडीत चासी न्हाऊन-माखून रंगवायचा मोह अनेक चांगल्या गाड्यांना खोक्यांत नेऊन ठेवतो.

इंजिन आणि सस्पेन्शन

मस्टँगचं 289 आणि शेव्हेलचं 350 (आकडे इंजिनाच्या क्यूबिक इंचांचे) या दोन्हींत पहिल्या माणसाला अवघड असं काही नाही. चुका होतात त्या भाग मिसळल्यामुळे. 289 चा बॅलन्स बाहेरचा आहे, म्हणजे क्रँकचा तोल साधणारं 28 औंसांचं वजन पुढच्या डॅम्परवर आणि मागच्या फ्लायव्हीलवर असतं. 1980 च्या दशकातल्या पाच लिटर मस्टँगचं 50 औंसांचं फ्लायव्हील लावलं की गाडी थरथरते आणि बेअरिंगं जातात. ऑगस्ट 1964 च्या आधीच्या ब्लॉकला बेलहाउसिंगचे (गिअरबॉक्स जोडणाऱ्या घराचे) पाच बोल्ट आहेत, नंतरच्याला सहा. इंजिन घेण्याआधी मोजा. 350 ला असा बाहेरचा बॅलन्स नाही, पण शेव्हरोलेच्याच 400 इंजिनाचं डॅम्पर त्यावर लावू नका. 350 च्या हेडचे बोल्ट पाण्याच्या वाटेत उतरतात, म्हणून त्यांच्या आट्यांना सीलंट लावून 65 फूट-पाउंडांपर्यंत तीन टप्प्यांत आवळायचे. सीलंट विसरलं की कूलंट आट्यांवरून वर झिरपतं. दोन्हींना सपाट टॅपेटचा नवा कॅम टाकला तर जस्त असलेलं ब्रेक-इन तेल वापरा आणि पहिल्यांदा सुरू होताच वीस-तीस मिनिटं 2,000 ते 2,500 आरपीएमवर ठेवा. आयडलवर सोडलं तर तेवढ्यात कॅमचे लोब खरवडले जातात.

जागेच्या बाबतीत शेव्हेल निर्विवाद पुढे. तिच्या बोनेटखाली उभं राहून काम करता येतं. मस्टँगचे शॉक टॉवर इंजिनाला इतके चिकटून आहेत की हेडर (एक्झॉस्टचे पाइप) बसवताना आणि प्लग काढताना बोटं सोलतात. स्प्रिंगचंही तसंच. मस्टँगची पुढची स्प्रिंग वरच्या आर्मवर, टॉवरच्या आत बसते, तिला त्याच गाडीसाठीचा आतून पकडणारा कॉम्प्रेसर लागतो. भाड्यानं मिळणारा साधा, बाहेरून पकडणारा कॉम्प्रेसर तिथे धोकादायक आहे. शेव्हेलची स्प्रिंग खालच्या आर्मखाली जॅक लावून आणि तिला साखळी बांधून हळूहळू उतरवता येते.

दोन्हींच्या मूळ गाड्यांना बहुधा चारी ड्रम ब्रेक असतात. 1966 पर्यंतच्या मस्टँगचं मास्टर सिलिंडर एकाच सर्किटचं आहे. एक पाइप फुटला की सगळे ब्रेक जातात. ते दुहेरी करून घेणं हे रंगाच्या आधीचं काम, नंतरचं नव्हे. जुन्या ड्रममधली धूळ कॉम्प्रेसरच्या हवेनं उडवू नका, त्यात ॲस्बेस्टॉस असतं. ओल्या कापडानं पुसा.

दोन सापळे

स्वस्त मस्टँग बहुधा सहा सिलिंडरची, 200 क्यूबिक इंचांची निघते. "नंतर व्ही-8 टाकू" असं म्हणून ती घेऊ नका. तिच्या चाकांना चार नट, मागचा ॲक्सल नाजूक, आणि पुढचे स्पिंडल, हब, स्टिअरिंगच्या सळ्या, स्प्रिंगा हे सगळंच व्ही-8 पेक्षा वेगळं. इंजिन सोडून बाकी खर्चच व्ही-8 कूपेच्या वाढीव किमतीपर्यंत जातो. सहाच सिलिंडर ठेवायचे असतील तर मात्र ती शिकण्यासाठी गोड गाडी आहे. 1965-66 च्या गाडीच्या नंबरातलं (व्हीआयएन, म्हणजे ओळख क्रमांक) आकडे धरून पाचवं अक्षर बघा: टी म्हणजे सहा सिलिंडर, सी आणि ए म्हणजे 289, के म्हणजे 271 हॉर्सपॉवरचं खास 289. दारावरची पाटी दोन रिव्हेटांची असते, सहज बदलता येते, म्हणून ड्रायव्हरच्या बाजूच्या आतल्या एप्रनवर ठोकलेला नंबर बघा. तसंच मोजून नंबराचं दुसरं अक्षर टी असेल तर ती गाडी एडिसनमधल्या मेटाचेन कारखान्यातली. आज ज्या भागात मराठी मंडळाचे गणपती बसतात, तिथलीच.

शेव्हेलचा सापळा उलट दिशेचा, महागाचा. 1968 मध्ये एसएस (सुपर स्पोर्ट, शेव्हेलचा जोरदार अवतार) गाडीचा नंबर 138 नं सुरू होत असे. 1969 पासून एसएस फक्त एक पॅकेज झालं आणि 1969 ते 1971 च्या नंबरावरून ते ओळखता येत नाही. साध्या मालिबूला (शेव्हेलचंच नेहमीचं मॉडेल) बोनेट, ग्रिल आणि बिल्ले लावून एसएस करणं एका आठवड्याचं काम आहे. पुरावा म्हणजे टाकीच्या वर किंवा मागच्या सीटच्या स्प्रिंगांत सापडणारा बिल्ड शीट (गाडीत काय बसवलं ते लिहिलेला कारखान्याचा कागद), आणि ब्लॉकच्या पुढे उजव्या हेडखालच्या पॅडवर ठोकलेला कोड. ब्लॉकवर गाडीच्या नंबराचे शेवटचे आकडे नसतील तर एसएसची किंमत देऊ नका. शिकण्यासाठी एसएस घ्यायचीही गरज नाही. 350 ची साधी मालिबू त्याच चासीवर, त्याच पत्र्याची आहे. 1972 च्या गाडीची हॉर्सपॉवर कमी दिसते ती बरीचशी मोजण्याची पद्धत बदलल्यामुळे, त्याला घाबरू नका.

वेल्डिंग आणि रंग

हे काम दोन्हींसाठी सारखंच आहे. 0.023 इंचाची तार आणि तीन भाग आर्गॉन, एक भाग कार्बन डायऑक्साइड असा गॅस असलेलं एमआयजी मशीन 18-20 गेजच्या पत्र्याला योग्य. सलग वेल्ड मारू नका. इंच-इंच अंतरावर टाके मारा, पत्रा हाताला सोसेल इतका थंड झाल्यावर मधले टाके भरा. बोनेट, छत, दार यांच्यावर रेती मारून घेऊ नका, सपाट पत्रा लाटेसारखा होतो. छत आणि क्वार्टर पॅनेलच्या सांध्यावर कारखान्यात शिसं भरलेलं आहे, तिथे कोरडा ग्राइंडर चालवू नका. प्रायमरपर्यंत सगळं घरी करा, पण शेवटचा टू-के युरेथेन (हार्डनर मिसळून मारायचा रंग) रंगकामाच्या बूथमध्ये मारून घ्या. त्यातल्या आयसोसायनेटला कोळशाचा मास्क पुरेसा पडत नाही, बाहेरून शुद्ध हवा देणारा मास्क लागतो. आणि घराला चिकटलेल्या गॅरेजमधून ती वाफ मुलांच्या खोलीपर्यंत जाते.

मग कोणती?

एका गाडीची जागा, एकट्यानं काम आणि वेल्डिंग शिकायची तयारी असेल तर 1966 किंवा 1967 ची 289 कूपे, काउल कोरडं असलेली. फास्टबॅकचा (छत उतरतं मागपर्यंत जाणाऱ्या मस्टँगचा) हट्ट सोडा. पत्रा आणि मेहनत जवळपास तीच, किंमत फार वरची. दोन जागा आणि आठवड्याच्या शेवटी येणारा एखादा मित्र असेल तर 1970 ते 1972 ची 350 मालिबू, व्हिनाइल छत नसलेली. दोन्हींत तळ शाबूत आणि इंजिन बंद पडलेली गाडी, चालू इंजिन आणि सडलेल्या तळाच्या गाडीपेक्षा केव्हाही स्वस्त पडते. कन्व्हर्टिबल पहिल्यांदा नको.

आणि पैसे देण्याआधी टायटलवरचा (मालकीच्या कागदावरचा) नंबर गाडीवरच्या नंबराशी अक्षर-अक्षर जुळवा. न्यू जर्सीत 25 वर्षांहून जुन्या गाडीला हिस्टॉरिक पाटी मिळते, पण ती प्रदर्शनासारख्या मर्यादित वापरासाठी, रोज ऑफिसला जायला नाही. टायटल हरवलेलं आहे, "नंतर पाठवतो" असं विकणारा म्हणत असेल तर त्या गाडीला सुट्या भागांचाच भाव द्या.