पहिला ‘रॉकी’ की चौथा?

उन्हाळ्यात लातूरला मामांच्या घरी, कूलरच्या घरघरीत, मुष्टियोद्धा रॉकीची ‘रॉकी’ चित्रपटमालिका पुन्हा पाहिली, तेव्हा अव्वल क्रमांकासाठी १९७६चा पहिला आणि १९८५चा चौथा हे दोनच चित्रपट उरले. चौथ्याचा वेग जबरदस्त आहे. बर्फात लाकडे फोडणारा रॉकी आणि यंत्रांच्या गराड्यात घाम गाळणारा त्याचा सोव्हिएत प्रतिस्पर्धी ड्रॅगो आलटून पालटून दिसू लागताच मामेभाऊ बाजेवरून उठलाच. पहिल्यात मात्र पहाटे चारला पेल्यात पाच कच्ची अंडी फोडून पिणारा आणि थंडीत एकटाच धावायला निघणारा माणूस आहे, जो पंधरा फेऱ्या तग धरूनही जगज्जेत्या अपोलो क्रीडकडून गुणांवर हरतो. त्या पराभवामुळेच मी पहिल्याला वर ठेवतो. चौथ्यातील शेवटचे भाषण (मामींच्या शब्दांत ‘प्रचारसभा’) मला ओढूनताणून जोडलेले वाटते.